डिस्क रिकामी, तरी जागा निघेना

सी ड्राइव्हवर २०० जीबी मोकळी दिसते. विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' उघडावं, तर विंडोज जेमतेम १२ जीबी द्यायला तयार होतं. बाकीची जागा कुठे गेली? कुठेच नाही. तिच्या पलीकडे कुणीतरी ठाण मांडून बसलंय, एवढंच.

पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग, इथे सी ड्राइव्ह) लहान होतं ते शेवटाकडून. विंडोज मागची हद्द अलीकडे आणत जातं आणि वाटेत आलेल्या फाइली उचलून आधीच्या रिकाम्या जागेत ठेवतं. फोटो, गाणी निमूट हलतात. काही फाइली मात्र चालू विंडोजला हलवता येत नाहीत. तशी एक जरी आडवी आली, की हद्द तिथेच थांबते. तिच्या अलीकडे कितीही जागा ओस पडलेली असो. म्हणून सिनेमे पुसत बसण्यात अशा वेळी अर्थ नसतो.

अडवणारी फाइल कोणती, हे ओळखता येतं. श्रिंकची खिडकी एकदा उघडून बंद करा आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव तिथे मिळतं.

बहुधा ती हायबरनेशनची (मेमरी डिस्कवर उतरवून झोपण्याची) फाइल, पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) किंवा रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठी जपलेली नोंद) यांपैकी एक असते. पहिलीसाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा (अर्थात रोमन अक्षरांत: powercfg /h off) द्या. यानं फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज झटपट सुरू करण्याची सोय, हीही बंद होते, आणि ती व्हायलाच हवी: ती चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर धड लिहिता येत नाही. पेजफाइल व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमधून तात्पुरती काढा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून रिस्टोअर पॉइंट पुसा, आणि रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक बघा.

तरीही अडलं, तर एमएफटी, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेची फाइलींची वहीच, मध्ये तुकड्यांनी पसरलेली असू शकते. लाइव्ह यूएसबीवरचं (पेनड्राइव्हवरूनच सुरू होणाऱ्या लिनक्सवरचं) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन तीही हलवतं, कारण तेव्हा विंडोज चालू नसतं. नंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासतं. ते मध्येच तोडू नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर जीपार्टेडच्या वाटेला न जाता विंडोजमधूनच श्रिंक करा.

बॅकअप आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हे दोन्ही आधी दुसरीकडे ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको. बूटची (संगणक सुरू होण्याची) रचना बदलली की ती की मागितली जाते.

श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीत भरायचा: ५० जीबी म्हणजे ५१,२००. उबुंटू या लिनक्सला किमान २५ जीबी लागते, पण तेवढ्यावर पुढे ओढाताण होते. निघालेली जागा 'अनॲलोकेटेड' म्हणून तशीच सोडा. फॉरमॅटचं काम इन्स्टॉलर करेल.

एमबीआर या जुन्या पद्धतीनं आखलेल्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन चालतात. चारही भरली असतील तर मोकळी जागा असून नसल्यासारखी. तिथे विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का विचारतं. नाही म्हणा, लिनक्सचे इन्स्टॉलर त्यावर अडखळतात. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर हा प्रश्न नाही, पण सुरुवातीचं छोटं ईएफआय पार्टिशन चुकूनही फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) तिथेच असतो, लिनक्सचाही तिथेच शेजारी बसतो.

सगळं झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच बरं.