एकच ‘वॉबल’, रोग मात्र दोन

नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात ‘गाडी वॉबल करतेय’ एवढं म्हणा, मिस्त्रीचा हात आधी कोनसेटकडे, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगकडे जातो. माझंही तेच झालं. मालेगावला जाताना चांदवडचा राहुड घाट उतरलो, रस्ता सरळ लागला आणि नव्वदीच्या आसपास गाडी मागून सापासारखी वळवळायला लागली. (चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, ती मी पाळत नव्हतो, हे कबूल.) परत आल्यावर कोनसेट आवळून घेतला. पुढच्या खेपेला वळवळ तशीच, वर गावातल्या गर्दीत हळू चालवतानाही गाडी सरळ जाईना. सारखी डावी-उजवी सावरत बसायची.

चूक मिस्त्रीची तशी थोडीच. हँडलची जलद थरथर आणि अख्ख्या गाडीची वळवळ या दोन वेगळ्या दुखण्यांना आपण एकच नाव देतो, आणि ती वेगळी आहेत हे कळायला अभ्यासकांनाही बराच काळ लागला.

सायकल तोल कसा सावरते याची समीकरणं फ्रान्सिस व्हिपल यांनी केंब्रिजमध्ये १८९९ साली मांडली. त्यात चाक कडक धरलेलं होतं, रस्त्यावर जराही न घसरता फिरणारं. त्यामुळे हँडलची ती जलद थरथर त्या गणितात सापडणंच शक्य नव्हतं. तिचा माग लागला तो दुसऱ्याच वाटेने, मोटारी आणि विमानांकडून. दवाखान्यातलं स्ट्रेचर जोरात ढकललं की त्याचं पुढचं चाक फडफडतं, तसं मोटारींच्या पुढच्या चाकांचं होत असे. जॉर्ज ब्रूल्ये या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये दाखवलं की टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, अगदी त्याच दिशेला जात नाही, थोडा कोनात सरकतो. १९४१ मध्ये फॉन श्लिपे आणि डिट्रिख या जर्मन अभियंत्यांनी विमानाच्या चाकांच्या थरथरीसाठी टायरचं गणित बसवलं.

खरी मेख रबरात आहे. हँडल वळलं तरी टायरचा बाजूचा जोर लगेच येत नाही, चाक थोडं अंतर पुढे गेल्यावर येतो. पाळण्याला चुकीच्या क्षणी धक्का दिला तर तो थांबायच्या ऐवजी आणखी उंच जातो, तसा हा उशिरा आलेला जोर थरथर वाढवतो.

मोटरसायकलपुरता हिशेब रॉबिन शार्प यांनी १९७१ च्या शोधनिबंधात केला. टायरचा हा उशीर धरून त्यांनी दोन्ही आजार वेगळे काढले. वॉबल म्हणजे पुढच्या चाकासकट हँडलची थरथर, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. वीव्ह म्हणजे अख्ख्या गाडीची नागमोडी वळवळ, सेकंदाला दोन-चार वेळा, आणि वेग वाढेल तशी आवरायला कठीण. सगळ्यात उपयोगी निष्कर्ष पुढचा आहे: स्टिअरिंग डॅम्पर (हँडलच्या हालचालीला विरोध करणारा दट्ट्या) थरथर दाबतो, पण वेगातली वळवळ वाढवू शकतो. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. माझा आवळलेला कोनसेट म्हणजे नकळत बसवलेला डॅम्परच होता, तोही वाईट प्रतीचा.

तो काळही तसाच होता. १९६९ ची तीन सिलिंडरची ५०० सीसी कावासाकी धावायची भन्नाट, पण सरळ चालण्याबाबत तिची ख्याती वाईट. १९७५ मध्ये होंडाची गोल्ड विंग आली. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी तिच्यावर बाजारातली फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण), पेट्या, मागचा टॉपबॉक्स असं बिऱ्हाड चढवलं. १९८० पासून होंडा स्वतःच फेअरिंग आणि पेट्या लावून गाडी देऊ लागली. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळवळीला आयतं निमित्त मिळतं. पेट्या लावल्यावर ताशी १३० च्या वर जाऊ नका, असे इशारे काही मॅन्युअलमध्ये असतात ते त्यामुळेच.

आपल्याकडे हे दुखणं उशिरा आलं, कारण त्या वेगाच्या गाड्या सर्वसामान्यांकडे नव्हत्या. २०१३ ची ३९० ड्यूक, २०१६ ची हिमालयन आणि डोमिनार, २०१८ ची इंटरसेप्टर आल्यावर चित्र पालटलं. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे नाशिकची टूरिंगवाली मंडळी मुंबई-आग्रा महामार्गावरच. कंटेनरला ओलांडताना बसणारा वाऱ्याचा झोत आणि पुलाच्या जोडावरचा दणका थरथर सुरू करायला पुरेसा असतो. गाडी धडधाकट असेल तर ती दोन क्षणांत विरते.

म्हणून तपासताना आधी कुठून हलतं ते पाहायचं. हँडल थरथरत असेल तर पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागली तर कोनसेट गेला. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढल्यावर टकटक आली तर तो सैल. टायरला लाटा पडल्यात का, चाक बॅलन्स आहे का, तेही बघा. अख्खी गाडी वळवळत असेल तर मागे जा: चाक आडवं हलवून चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहाती सांगाड्याचे) बुश, चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, टायरची हवा आणि झीज. चालत्या गाडीवर सुरू झालंच तर हँडल घट्ट पकडू नका, पुढचा ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू सोडा.

माझ्या गाडीचा मागचा टायर महामार्गावर सरळ धावून मधोमध चपटा झाला होता, हवाही कमी होती, आणि टॉपबॉक्समध्ये मालेगावच्या पाहुण्यांसाठी पाच किलो बेदाणे. टायर बदलला, कोनसेट पुन्हा नीट बसवून घेतला. बेदाणे आता टँकबॅगमध्ये जातात.