शिकारीच्या परवान्यापासून सिल्लारीच्या पावतीपर्यंत

पहाटे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर जिप्सी रांगेत लागतात. बुकिंगचा कागद आणि ओळखपत्र तपासलं जातं, गाईड चढतो, फाटक उघडतं. हा प्रवेशाचा पैसा कुठे जातो, हे समजायला इंग्रजी अमलापर्यंत मागे जावं लागतं.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा जंगल खात्यानं राखीव जंगलांचे शूटिंग ब्लॉक पाडले होते. शिकाऱ्यानं फी भरायची, ठरलेल्या दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा आणि परवान्यात लिहिली असतील तेवढीच जनावरं मारायची. १९१२च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यात बंद हंगामाची, म्हणजे शिकार मना असलेल्या काळाची तरतूद आली. त्या काळी संरक्षण म्हणजे शिकारीला लावलेली शिस्त. ताडोब्यात १९३५मध्ये शिकार बंद झाली आणि १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ताडोब्याचा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसतं.

अमेरिकेनं १९३७मध्ये बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी बांधून टाकला. तिथल्या राज्यांची वन्यजीव खाती अजूनही त्या करावर आणि शिकारीच्या परवान्यांवर बरीचशी चालतात. आपल्याकडे ती वाटच बंद झाली. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी, १९७२मध्ये वन्यजीव कायदा, १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. महाराष्ट्रातल्या पेंचचा नंबर १९९९मध्ये लागला. शिकाऱ्याची फी गेली आणि खात्याचे डोळे दिल्लीच्या निधीकडे लागले. आज प्रकल्पाच्या आवर्ती, म्हणजे वारंवार होणाऱ्या खर्चात केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे.

खरा फरक पडला तो वन्यजीव कायद्याच्या २००६च्या दुरुस्तीनं. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान आलं आणि सरकारी तिजोरीत जाणारा प्रवेशाचा पैसा त्याच जंगलासाठी राहू लागला. नागपूर–जबलपूर महामार्ग रुंद होताना, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रकरण गाजल्यावर, पेंचमधून जाणाऱ्या रस्त्याखाली जनावरांसाठी वाटा ठेवाव्या लागल्या. तो खर्च रस्त्याच्या खात्यातून झाला.

पण पैसा वाघाच्या मागे जातो, रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या नाही. रोही पाहायला कोणी जिप्सी बुक करत नाही. रामटेककडच्या शिवारात रात्री कळप तुरीत घुसला की सकाळी पंचनामा: मोडलेली झाडं, ओल्या मातीत उमटलेले खूर, वनरक्षकाच्या हातात टेप, कागदावर सह्या. भरपाईची रक्कम सरकारी दरानं ठरते, शेतकऱ्यानं वर्षभर लावलेल्या हिशेबानं नाही. पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला परवानगी मिळू शकते, पण मेलेलं जनावर सरकारचं. मटण नेलं तर गुन्हा. म्हणून बहुतेक जण परवानगीच्या फंदात पडत नाहीत. शिवारात मचाण अजून बांधलं जातं. त्यावर टॉर्च आणि डबा घेऊन शेतकरी जागलीला बसतो, आणि काही खसफसलं की डबा वाजवतो.