मराठी व्हिडिओखाली मराठी अक्षरं हवीतच

वर्गात प्रकाशसंश्लेषणाचा व्हिडिओ लागतो. डोक्यावर पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गात मोठ्याने पाढे. ‘हरितलवक’ हा शब्द मागच्या बाकापर्यंत नीट पोहोचतच नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या हाती तर फक्त हलती चित्रं लागतात. तोच शब्द उच्चारासोबत पडद्यावर उमटला, तर सगळ्यांनाच तो मिळतो.

पडद्यावर उमटणाऱ्या अशा ओळी, म्हणजे कॅप्शन, मुळात बहिऱ्या प्रेक्षकांसाठी आल्या. १९७२ साली अमेरिकी टीव्हीवर एका पाककृतींच्या कार्यक्रमात त्या दिसल्या. पण उपयोग तेवढ्यापुरता राहिला नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा भाषा समजत असूनही नजर आपोआप खालच्या ओळीकडे जाते, असं दिसलं. वाचनासाठी वेगळा आग्रह लागत नाही. शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन मॉर्टन ॲन गर्न्सबाकर यांनी २०१५ मध्ये मांडलं, की कॅप्शनमुळे लहानमोठ्या सगळ्यांचंच आकलन आणि स्मरण सुधारतं.

आपल्याकडे हे आधीच ओळखलं होतं. तेव्हा आयआयएम अहमदाबादमध्ये असलेले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचा ध्यास घेतला. १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती गाण्यांवर आणि पुढे हिंदी गाण्यांच्या ‘चित्रहार’वर असे शब्द झळकले. अडखळत वाचणाऱ्यांना आवडत्या गाण्यातून रोजचा सराव मिळाला. म्हणून मराठी धड्याला मराठीच कॅप्शन हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

मात्र यंत्राने आपोआप काढलेल्या कॅप्शनवर विसंबू नये. बोलीभाषा, विशेषनामं, पारिभाषिक शब्द इथे यंत्र हमखास अडखळतं, आणि चुकतं ते नेमकं शिकवायच्या शब्दावर. ऐकू येणारं मूल ती चूक ओळखेल. बहिरं मूल तीच खरी मानेल. व्हिडिओ दाखवण्याआधी शिक्षकांनी ओळी वाचून दुरुस्त कराव्यात. एका वेळी दोनच ओळी असाव्यात, कोण बोलतंय ते कळावं, आणि गडगडाटासारखा अर्थपूर्ण आवाजही लिहिलेला असावा. आकृतीवरची नावं मात्र झाकली जाऊ नयेत.

आणखी एक, जे सहज निसटतं: व्हिडिओ सुरू असताना शिक्षक बोलत राहिले, तर ओठ वाचणाऱ्या मुलाने पाहायचं तरी कुठे? वहीत लिहायला मान खाली घातली, की पडद्यावरची ओळही गेली. म्हणून आधी व्हिडिओ थांबवावा, मुलांकडे तोंड करून बोलावं, लिहायला वेळ द्यावा, आणि मगच पुन्हा सुरू करावा.