हात सोडू नका! (स्लेजवर चढण्याआधी वाचावे)

नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स बघायला आलेली मराठी मंडळी आमच्याकडे स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी, चालवायला येतात. निघायच्या वेळी अंगणात चाळीस कुत्री एकदम भुंकत असतात, त्यात माझं निम्मं बोलणं कुणाला ऐकूच जात नाही. म्हणून लिहून काढलं. हॉटेलवरून गाडीने येताना वाचा.

सगळे आधी विचारतात, लगाम कुठे आहे? लगाम नाही. बैलगाडीला कासरा असतो, तसं इथे हातात काही येत नाही. पुढची लीडर कुत्री आवाजावर वळतात आणि तुमची स्लेज आमच्या स्लेजच्या मागून येते. तुमच्याकडे दोनच गोष्टी: हातात दांडा आणि पायाखाली लोखंडी ब्रेक. वळणांची चिंता करू नका, वाट कुत्र्यांना पाठ आहे.

दांडा मात्र सोडायचा नाही. तोल गेला, गुडघ्यावर आलात, तरी धरून ठेवा आणि ओरडा. माणूस उतरला की कुत्री थांबतील असं वाटतं ना? उलट ओझं कमी झालं म्हणून ती जास्त जोरात पळतात. मग स्लेज उलटते, दोऱ्या कुत्र्यांच्या पायांत अडकतात, एखादं जखमी होतं. गेल्या हिवाळ्यात एका काकांनी फोटोसाठी हातमोजा काढला. ते बर्फात बसले आणि काकू स्लेजमध्ये बसल्या बसल्या पुढे निघून गेल्या. स्लेज पकडून दोऱ्या सोडवेपर्यंत पाऊण तास गेला, मागच्या चार स्लेज थंडीत ताटकळल्या. काकू परतीच्या गाडीत काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

फोटोसाठी आम्ही वाटेत दोनदा थांबतो. आमचा माणूस स्लेज अडकवून ठेवणारा हुक बर्फात रोवतो, तरीही एक पाय ब्रेकवर असू द्या. चढावर मात्र ब्रेक सोडून एका पायाने ढकला. नुसते उभे राहिलात तर कुत्री मागे वळून तुमच्याकडे बघतात, आणि ते बघणं काही फार आदराचं नसतं.

हे सगळं नको वाटत असेल तर आमच्या गाइडच्या स्लेजमध्ये पांघरूण घेऊन बसा. दर थोडा जास्त आहे, पण आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांनी तोच पर्याय घ्यावा.

"ही खरी हस्की वाटत नाहीत," हेही नेहमीचं. निळे डोळे आणि झुबकेदार केस म्हणजे सायबेरियन हस्की. आमची अलास्कन हस्की आहेत, दिसण्यापेक्षा कामासाठी जोपासलेली, म्हणून सडपातळ. तसे सायबेरियन पहिल्यांदा अलास्कात नोमला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांनाही उंदीर म्हणून हिणवलं होतं. पुढे 1925 साली नोमला घटसर्पावरचं औषध (प्रतिविष) कुत्र्यांच्या स्लेजवरून पोहोचलं, त्यात सर्वांत लांब टप्पा टोगो या लीडर कुत्र्याच्या चमूने ओढला. त्याचा मालक लेओनहार्ड सेप्पाला इथलाच, ट्रोम्स भागात जन्मलेला. आम्ही जरा मिरवतो, चालवून घ्या.

चाबूक आमच्याकडे नाही. निघण्याआधीचा आरडाओरडा भीतीचा नसतो, "चला की लवकर" असं ते म्हणत असतात. हुक निघाला की एकदम शांतता. थंडीचं म्हणाल तर उणे 15 त्यांना सुखाचं, त्रास होतो तो उन्हाळ्यात. म्हातारी झालेली कुत्री आमच्याकडेच राहतात. तीच दारात तुमचं स्वागत करतात, त्यांचे हवे तेवढे लाड करा. फक्त बिस्किटं आणि चकल्या खिशातच ठेवा. पळायच्या आधी पोट भरलं तर त्रास होतो, आणि एकाला दिलं की बाकीची भांडतात.

गरम सूट आणि बूट आमचे, वेगळे पैसे नाहीत. आतून लोकरीचे मोजे घाला, जीन्स नको. शाकाहारी सूप हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. बुकिंग करताना प्रत्येकाची उंची आणि बुटाचा युरोपियन नंबर कळवा. आपल्याकडचा 8 म्हणजे इथला साधारण 42.