नाव लागतं ते गाडीत बसणाऱ्याचं, चालवणाऱ्याचं नाही

घरात एक दिव्यांग माणूस आणि त्याला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), फिजिओकडे, बँकेत, जत्रेला नेणारे चारपाच जण. कधी मुलगा, कधी भाचा, कधी शेजारचा पोरगा, कधी पगारी केअरटेकर. अशा घरात इन्शुरन्स रिन्यू करायची वेळ आली की ठरलेला प्रश्न येतो, सगळ्यांची नावं पॉलिसीवर घालायला हवीत ना? हे बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलेलं असतं, तिथला कोणीतरी नातेवाईक फोनवर ठणकावून सांगतो की नाव नसलेल्याने चालवली तर क्लेम विसरा. तिकडे असेल तसं. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते, आणि तिच्यातला ड्रायव्हर क्लॉज सरळ म्हणतो की मालकासकट कोणीही चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं. नावं घालायची नाहीत, संपला विषय.

खरा घोळ पुढे आहे आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. गाडी कोणी चालवली तर चालते ही एक गोष्ट, आणि अपघातात गाडीतल्या कोणाला पैसे मिळतात ही पूर्ण वेगळी गोष्ट. लोक दोन्ही एकच धरतात. रिन्यूअलच्या कागदावर 'ओनर-ड्रायव्हर पीए, १५ लाख' अशी ओळ दिसली (पीए म्हणजे पर्सनल अॅक्सिडेंट, अपघात कव्हर) की म्हणतात झालं, मालकाला कव्हर आहे आणि ड्रायव्हरलाही आहे. नाही हो. ते कव्हर एकाच माणसाचं आहे: जो आरसीवर मालक आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे, ज्याच्याकडे स्वतःचं चालू लायसन्स आहे, आणि जो स्वतः गाडी चालवतोय, चढतोय-उतरतोय किंवा सहचालक म्हणून बसलाय. यातली एक अट सुटली की १५ लाख गेले.

आता हे आपल्या घराला लावून बघा. समजा फोंड्यातली एक आई, व्हीलचेअरवर, टॅक्सच्या सवलतीसाठी गाडी तिच्याच नावावर घेतली, म्हणजे आरसीत ओनरशिपच्या रकान्यात दिव्यांगजन असं आलंय (ही नोंद २०२० पासून सुरू झाली). आईकडे लायसन्स नाही, कधीच नव्हतं. भाचा चालवतोय, आई मागे बसलीय, कुंडईजवळ गाडी झाडावर आदळली, चूक भाच्याची, समोर दुसरी गाडीच नाही. दुसऱ्या गाडीची चूक असती तर तिच्या थर्ड पार्टी कव्हरवर (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठीचं) सगळ्यांनाच मागता आलं असतं, इथे तो मार्ग बंद. मग आईला काय? ती मालकीण, त्यामुळे स्वतःच्याच पॉलिसीवर ती थर्ड पार्टी नाही. ती चालवत नव्हती आणि लायसन्स नाही, त्यामुळे ओनर-ड्रायव्हरही नाही. मग म्हणाल पॅसेंजर पीए घेतलाय की, तर 'अननेम्ड पॅसेंजर'वाला, म्हणजे नाव न लिहिता बसणाऱ्यांसाठीचा, जो एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं कलम) आहे, आयएमटी १६ (इंडियन मोटर टॅरिफमधला क्रमांक), त्यात पॉलिसीधारक धरतच नाहीत. म्हणजे ज्या माणसासाठी गाडी घेतली, तोच माणूस तीनही जाळ्यांतून खाली पडला. भाच्याचंही फार बरं नाही, उसनी गाडी चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये म्हटलंय, त्यामुळे त्यालाही या गाडीवर थर्ड पार्टी म्हणून मागता येत नाही.

आणि तरीही एजंट लायसन्स नसलेल्या मालकाच्या पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचा प्रीमियम बिनदिक्कत लावतात, कम्पल्सरी आहे म्हणतात. मला याची भयंकर चीड आहे. लायसन्सच नाही त्याला हे कव्हर लागूच होत नाही, मग पैसे कसले घेता?

यावर उपाय आयएमटी १५. हा 'नेम्ड' पीए, म्हणजे पॉलिसीधारकाचं किंवा दुसऱ्या कोणाचं नाव लिहून घेतलेलं कव्हर. नावं घालायची हौस असेल तर ती इथे घाला, आईचं नाव आधी. रक्कम मात्र तुटपुंजी, टॅरिफप्रमाणे माणशी जास्तीत जास्त २ लाख, म्हणून माझं ठाम मत आहे की घरातल्या प्रत्येकाचा वेगळा अपघात विमा काढावा, तो माणूस कुठल्या गाडीत कुठल्या सीटवर बसलाय हे विचारत नाही. सरल सुरक्षा बीमा २०२१ पासून आहे, अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. आणि बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे, १८ ते ७० वयाला, तो तरी नसणं म्हणजे निव्वळ आळस.

सवलत घेतलेली नसेल, तर मी गाडी आईच्या नावावर ठेवणारच नाही. घरातल्या लायसन्सवाल्याच्या, जो सगळ्यात जास्त चालवतो त्याच्या नावावर घ्या. मग त्याचे १५ लाख खरे होतात आणि आई नुसती बसणारी राहते, म्हणजे पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी दोन्ही असलेली) असेल तर तिला दाद मागता येते. पॅकेज म्हणतोय, नुसती थर्ड पार्टी नाही, स्वस्तवाल्या थर्ड पार्टीत गाडीत बसलेले धरत नाहीत.

पगारी माणसाचं थोडं वेगळं. 'पेड ड्रायव्हर'साठी आयएमटी २८ असतो, माणशी पन्नासेक रुपये, आणि तो ड्रायव्हरला जखम झाली तर कामगार भरपाईचा बोजा मालकावर येतो त्यासाठी. पण तुमचा केअरटेकर ड्रायव्हर म्हणून ठेवलेला नाही, तो अंघोळ घालतो, जेवण भरवतो आणि मधूनच चावी घेऊन निघतो. अशा इतर नोकरांसाठी आयएमटी २९ आहे, गाडीत बसणाऱ्या किंवा चालवणाऱ्या नोकराचा, तोही तेवढ्याच किमतीत. दोन्ही घ्या, शंभर रुपयांसाठी वाद कशाला. एजन्सीकडून आलेला असेल तर तो नोकर तुमचा की एजन्सीचा हे आधी लेखी घ्या.

बाकी किरकोळ. गाडीत हँड कंट्रोल किंवा फिरती सीट बसवली असेल तर ती आरटीओत आरसीवर चढवा आणि कंपनीला कळवा, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर अशा गाड्यांना टॅरिफमध्ये ५० टक्के सवलत होती, तुमची कंपनी देते का ते विचारून घ्या. शेजारच्या पेशंटला पैसे घेऊन नेऊ नका, पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी गाडीवर भाडं चालत नाही आणि क्लेम फेटाळायला कंपनीला तेवढंच पुरतं. आणि चावी देण्याआधी प्रत्येकाच्या लायसन्सचा फोटो फोनमध्ये ठेवा, संपायची तारीख स्वतः बघा. चालेल चालेल म्हणणारा भाचा ती तारीख कधीच बघत नाही.