मनापासून की भिडेपोटी?

सेक्स्टिंगचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा कुणाचा तरी फोटो व्हायरल झाल्यावर. पण प्रेमातली दोन प्रौढ माणसं एकमेकांना कामुक मेसेज किंवा फोटो पाठवतात, तेव्हा त्यांच्या नात्याचं काय होतं? मानसशास्त्रज्ञ गेली काही वर्षं हे शोधत आहेत.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते ८२ वयाच्या ८७० जणांची ऑनलाइन पाहणी केली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये मांडले. ८८ टक्के लोकांनी कधी ना कधी सेक्स्टिंग केलं होतं, बहुतेकांनी आपल्या कायमच्या जोडीदाराबरोबर. जास्त सेक्स्टिंग करणारे लैंगिकदृष्ट्या अधिक समाधानी होते. (या पाहणीवरून सगळी अमेरिकाही मोजता येणार नाही, मग पुणे-नागपूर तर दूरच.) कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास वेगळंच दाखवतो. सतत सेक्स्टिंग करणाऱ्यांत शारीरिक समाधान होतं, पण भांडणं जास्त आणि नात्याबद्दलची बांधिलकी कमी. सेक्स्टिंगमुळे नातं विसकटलं, की विसकटलेलं नातं सांधायला सेक्स्टिंग वाढलं, हे अशा पाहणीतून कळत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मिशेल ड्रूइन आणि एलिझाबेथ टोबिन यांचा २०१४ चा अभ्यास. त्यांनी प्रेमसंबंधांत राहिलेल्या १५५ विद्यार्थ्यांना नेमकं विचारलं: मनात नसताना पाठवलंत का? ५२ टक्के 'हो' म्हणाले. यात बळजबरी नव्हती. जोडीदाराचं मन राखायचं होतं, जवळीक टिकवायची होती. जोडीदार सोडून जाईल अशी धास्ती ज्यांच्या मनात जास्त, त्यांच्याकडून असा होकार जास्त वेळा दिला गेला होता. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आईपासून दुरावलेल्या मुलांवरून मांडलेला बंधांचा, म्हणजे जवळच्या माणसाशी जडणाऱ्या भावनिक नात्याचा, सिद्धांत इथे मोठ्यांनाही लागू पडतो. दुराव्याची भीती बसली की माणूस नको तेही देऊन जातो. मराठीत याला नेमका शब्द आहे: भीड. 'भीड भिकेची बहीण' असं आपण उगाच म्हणत नाही. 'एवढाही विश्वास नाही का?' या प्रश्नापुढे नकार सुचत नाही, आणि समोरच्याला तो होकार खराच वाटतो.

एक होकार म्हणजे सगळ्याला होकार नव्हे, हे निदान आपला कायदा तरी ओळखतो. भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमानुसार स्त्रीने खासगी फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पुढे पाठवणं गुन्हा ठरतं.