फर्माचा अंदाज आणि ६४१ ची बाकी

आमच्या शेजाऱ्यांनी राजारामपुरीत नवी दुचाकी घेतली आणि एमएच ०९ च्या पाटीवर २७३६ हा आकडा मिळावा म्हणून वेगळे पैसे भरले, कारण त्याच्या अंकांची बेरीज अठरा आणि अठराची पुन्हा नऊ होते. अंकांची अशी बेरीज करत एकच अंक उरवणे म्हणजे त्या संख्येला नऊने भागून बाकी काढणे होय, फक्त शून्य बाकीच्या जागी तिथे नऊ येतो. आपण दहाऐवजी आठच्या पायावर मोजत असतो, तर हीच संख्या ५२६० अशी लिहिली गेली असती; तिच्या अंकांची बेरीज तेरा, जी त्या पद्धतीत १५ अशी लिहितात, आणि म्हणून तिचा ‘मूलांक’ सहा आला असता. तेव्हा नशीब या अंकात नाही. बाकी मात्र खरोखरच फार मोलाची वस्तू आहे, आणि ती काय करू शकते हे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येत दिसते.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा ठेवून प्रत्येक पुढच्या घरात दुप्पट करत गेले, तर तेहतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात इतके दाणे येतात. त्यात एक मिळवला की ही संख्या तयार होते. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या तशाच घडणीच्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात एक मिळवून येणाऱ्या, मूळ संख्या पाहून पुढच्याही साऱ्या मूळच असणार, असे मानले होते. १७३२ साली स्विस गणिती लिओनहार्ड ऑयलर यांनी ही पुढचीच संख्या ६४१ ने फोडली.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मी तो भागाकार शेजाऱ्यांच्या पावतीच्या पाठीवर करून दाखवला, पण भागाकाराशिवायही हे दिसते आणि मला तीच वाट अधिक सुंदर वाटते. २ चा सातवा घात १२८; त्याची पाचपट ६४०, म्हणजे ६४१ ला एक कमी, म्हणून तिची बाकी ‘उणे एक’ मानता येते. उणे एकचा चौथा घात एक असतो. म्हणून ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, या गुणाकाराची बाकी एक येते. आता ५ चा चौथा घात ६२५, हा ६४१ ला नेमका १६ ने कमी पडतो, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. ६२५ च्या जागी उणे १६ ठेवले की उणे २ चा ३२ वा घात उरतो आणि त्याची बाकी एक असते. म्हणजेच २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे एक, आणि त्यात एक मिळवला की शून्य.

ऑयलर यांनी पुढे हेही सिद्ध केले की या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येतो. त्यामुळे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग थेट ६४१ एवढ्याच संख्या लागतात. भागाकार ६७,००,४१७ येतो, आणि तोही मूळच आहे.

पटाला पासष्टावे घर असते, तर तिथल्या दाण्यांत एक मिळवून याच कुळातली पुढची संख्या आली असती. १८८० साली फ्रेंच गणिती लांद्री यांनी तिला २,७४,१७७ ने भागले आणि बाकी शून्य आली.